यंत्राला पडसे

एमबीएच्या ‘कॅट’ परीक्षेतून 2009 साली कागद गेला आणि संगणक आला. कागदाने तरी काय दिवे लावले होते म्हणा! 2003 साली पेपर फुटला आणि साऱ्यांना पुन्हा बसावे लागले. आता फुटायला कागदच नाही, म्हणून मी निर्धास्त. पण 28 नोव्हेंबरला, पहिल्याच दिवशी, काही केंद्रांवर यंत्रेच आजारी पडली. विषाणू म्हणे! नावे कॉनफिकर आणि निमडा. आमच्या वेळी पेन्सिलीचे टोक मोडले तर शेजारचा ब्लेड द्यायचा. इथे संगणकच सुरू होईना, तर पोराने हात वर करून मागायचे काय? वर्षभराचा अभ्यास डोक्यात कोंबून पोरे ताटकळली. अडकलेल्यांची फेरपरीक्षा थेट 2010च्या जानेवारीत. आमच्या शेजारणीने रद्दीवाल्याला जिन्यावरूनच परत पाठवले.