अर्धं तिकीट दारावर, अर्धं खिशात

सांगलीत १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ उभं केलं, तेव्हा प्रेक्षकांना तिकीट काढायची गरजच नव्हती. खर्च चिंतामणराव पटवर्धनांच्या दरबारचा, त्यामुळे समोर कोणी बसायचं हेही दरबारच ठरवणार. १८५१ मध्ये चिंतामणराव गेले, संस्थानचा आश्रय आटला आणि भाव्यांना मंडळी घेऊन गावोगाव फिरायची वेळ आली. १८५३ मध्ये मुंबईत ग्रँट रोडच्या नाट्यगृहात त्यांनी खेळ लावले ते पैसे घेऊन. राजाच्या पंगतीतली माणसं जाऊन अनोळखी गर्दी आली, आणि या गर्दीतल्या कोणी पैसे भरलेत आणि कोण तसाच घुसतोय, हे दारावरच्या माणसाला ओळखायची सोय करणं भाग पडलं.

अशी गर्दी आवरण्याची अडचण रोमच्या कोलोसियममध्ये कितीतरी आधी कमानींवर आकडे कोरून सोडवली होती. एकूण ८० कमानी, त्यांपैकी ७६ क्रमांकाच्या. उरलेल्या चार बड्यांसाठी, त्यांना आकड्याची काय गरज! उत्तरेकडच्या भागात २३ ते ५४ हे रोमन आकडे आजही दगडावर वाचता येतात. खेळ बघायला पैसे पडत नसत, पण कोणी कुठे बसायचं ते दर्जावर ठरलेलं. प्रेक्षकाजवळ जी खूण असे तिच्यावर कमानीचा आणि जागेचा पत्ता असावा, असं अभ्यासक मानतात. म्हणजे तिकीट हे पैशाची पावती होण्याआधी जागेचा पत्ता होतं.

मराठी नाटकाच्या छापील तिकिटात या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या. पातळ, रंगीत, बोटभर लांबीचा कागद. त्यावर नाट्यगृहाचं नाव, दर, रांगेचं अक्षर, खुर्चीचा आकडा. तारीख आणि वेळ बहुधा रबरी शिक्क्याने उठवलेली, तीही अनेकदा तिरकी. मधोमध टाचणीने टोचल्यासारखी छिद्रांची रेघ. पुस्तकातून तिकीट फाडलं की त्याची स्थळप्रत पुस्तकातच राहायची, आणि दारावर उरलेल्या कागदाचे पुन्हा दोन तुकडे व्हायचे. एका कागदाचे असे तीन वाटे: एक हिशेबाला, एक डोअरकीपरला, एक प्रेक्षकाच्या खिशात. आज त्या तिकिटाकडे बघणाऱ्याला ते मुकं वाटतं. काळ्या रेघा नाहीत, चौकोनी ठिपक्यांची नक्षी नाही, मग हे खरं की खोटं कळत कसं असेल?

कळायचं ते तिकिटावरून नव्हे, प्लॅनवरून.

प्लॅन म्हणजे नाट्यगृहाचा छापील नकाशा. प्रत्येक प्रयोगाला नवा. शिवाजी मंदिर, बालगंधर्व, गडकरी रंगायतन, कुठेही जा, खिडकीच्या आत बुकिंग क्लार्कच्या पुढ्यात हा कागद पसरलेला असायचा. प्लॅन उघडण्याची वेळ वर्तमानपत्रातल्या जाहिरातीत यायची आणि लोकप्रिय नाटकाला लोक त्याआधीच रांग लावायचे. खिडकीतून मान तिरकी करून, उलटा दिसणारा तो नकाशा वाचत ‘पाचव्या रांगेतल्या मधल्या द्या ना’ अशी विनवणी चालायची. क्लार्क रंगीत पेन्सिलने खुर्चीवर फुली मारायचा, पुस्तकातून तेवढ्या आकड्याचं तिकीट फाडायचा, आणि व्यवहार पक्का. पहिल्या दोन-चार रांगांवर प्लॅन उघडण्याआधीच फुल्या दिसत, त्यावरून खिडकीशी रोज कुरबुर व्हायची. ती खुर्ची कोणाची, हे क्लार्क सांगायचा नाही.

ही फुली म्हणजे त्या काळची नोंदवही. एकाच खुर्चीवर दोघं हक्क सांगू लागले, की दोघांची तिकिटं घेऊन माणूस खिडकीकडे पळायचा. बहुतेक वेळा भांडण लगेच मिटायचं, कारण एकाचं तिकीट दुपारच्या खेळाचं असायचं आणि तो रात्रीच्या खेळाला आलेला असायचा. असे घोळ आणि लबाड्या टाळायला साधा उपाय होता तो रंगाचा. दुपारचा कागद पिवळा, रात्रीचा गुलाबी. उद्या आणखी काही. कोणता रंग कोणत्या खेळाला हे आधी जाहीर होत नसे, त्यामुळे कालच्या तिकिटावरून आज नक्कल छापणाऱ्याची पंचाईत. डोअरकीपर तर आकडा वाचायच्या आधी रंगच बघायचा. अंधाऱ्या दारात शंभर माणसं एकदम रेटत असताना याहून वेगवान तपासणी आजच्या यंत्रालाही जमेल असं वाटत नाही.

तिकीट फाडणं हीच त्याची मोड. फाटलेलं तिकीट पुन्हा चालत नाही, हे शाळकरी पोरालाही ठाऊक. उरलेला तुकडा मात्र जपायचा, कारण मध्यंतरात बटाटेवडा खायला बाहेर गेलेल्याला परत आत येताना तोच दाखवावा लागायचा.

रात्री पडदा पडल्यावर तिकिटाचं खरं काम सुरू व्हायचं. कंत्राटदार, निर्माता आणि नाट्यगृह यांचा हिशेब विकलेल्या तिकिटांवर जितका चाले, तितकाच न विकलेल्यांवर. पुस्तकातलं पहिलं आणि शेवटचं तिकीट कितव्या क्रमांकाचं, शिल्लक किती, पास किती, एवढं जुळलं की गल्ला बरोबर. शिल्लक तिकीट गहाळ झालं तर ते विकलंच असं धरायचं, आणि पैसे भरायचे. रेल्वेने हा धडा आधीच गिरवला होता. १८३० च्या दशकाच्या अखेरीस थॉमस एडमंडसन या इंग्रज स्टेशनमास्तरने क्रमांक छापलेली जाड पुठ्ठ्याची तिकिटं काढली ती प्रवाशांच्या सोयीसाठी कमी आणि कारकुनांच्या हातचलाखीला आळा घालण्यासाठी जास्त. भारतीय रेल्वेच्या खिडक्यांवर तो पुठ्ठा पुढे दीडशे वर्षांहून अधिक टिकला.

हिशेबात सरकारही होतं. १९२३ च्या मुंबई करमणूक कर कायद्याने कर भरल्याचा मुद्रांक नसलेल्या तिकिटावर कोणाला आत सोडायची बंदी केली. तेव्हापासून थिएटरच्या दारात इन्स्पेक्टरची धास्ती सुरू झाली. त्याला नाटक-सिनेमा बघायचा नसे, त्याला स्थळप्रती बघायच्या असत.

सगळ्याच तिकिटांवर खुर्ची मात्र नसायची. १८९६ च्या ७ जुलैला मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं दाखवली गेली तेव्हा दर सरसकट एक रुपया होता. आठवडाभराने खेळ नॉव्हेल्टी थिएटरात हलले आणि पुढे चार आण्यांपासून दोन रुपयांपर्यंत वर्ग पडले. मग ज्याचा जसा वर्ग तसं तिकीट, आणि स्वस्तातल्या वर्गात जो आधी घुसेल त्याची जागा. तंबूतल्या तमाशाला तर आजही तिकीट म्हणजे आत शिरायचा परवाना, जमिनीवर जिथे मांडी घालाल ती तुमची जागा. पुण्यातल्या सवाई गंधर्व महोत्सवात भारतीय बैठकीचं तिकीट घेतलेले रसिक लवकर येऊन सतरंजी अंथरतात ते त्यामुळेच.

आणि काही तिकिटांची किंमत त्यांच्यावरच्या आकड्यात मावत नसे. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईच्या बालीवाला थिएटरात बालगंधर्व आणि केशवराव भोसले टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’ मध्ये एकत्र उभे राहिले. दर नेहमीच्या कितीतरी वर, तरी थिएटर भरलं आणि उत्पन्न १६ हजार रुपयांवर गेलं. त्याच वर्षी ऑक्टोबरात केशवराव वारले. अशा खेळाला आपण होतो, हे पुढे सांगायला हातातला अर्धा तुकडाच पुरावा.

बारकोड पहिल्यांदा दुकानात वाचला गेला तो २६ जून १९७४ ला अमेरिकेतल्या ट्रॉय गावात, च्युइंगमच्या पाकिटावर. क्यूआर कोड १९९४ चा, जपानी कारखान्यातले सुटे भाग मोजायला केलेला. दोन्हींचा जन्म मालाच्या नोंदीसाठी, माणसं आत सोडण्यासाठी नव्हे. तिकिटावर आल्यावर त्यांनी केलं ते एवढंच, की प्लॅनवरची फुली संगणकात गेली आणि फाडण्याऐवजी ‘वापरलं’ अशी नोंद पडू लागली. त्या रेघांमध्ये मुख्यतः एक क्रमांक असतो. त्याच्यापुढची माहिती तिकडे, दूरच्या यंत्रात.

मराठी नाटकांची तिकिटं ऑनलाइन मिळू लागली तेव्हा अनेक ठिकाणी तोडगा निघाला तो मजेदार. मोबाइलवर आलेला संदेश खिडकीवर दाखवायचा आणि त्याबदल्यात छापील तिकीट घ्यायचं. क्लार्क छापील यादीत नाव शोधून पेनाने खूण करायचा, आणि ते छापील तिकीट घेऊन दारावर गेलं की डोअरकीपर ते फाडायचा.