निलगिरी तेल
निलगिरी तेल हे निलगिरी (युकॅलिप्टस) वृक्षाच्या पानांपासून ऊर्ध्वपातनाने मिळणारे बाष्पनशील तेल आहे. ते रंगहीन किंवा फिकट पिवळसर असून त्याला कापरासारखा उग्र वास असतो. ते पाण्यात विरघळत नाही, अल्कोहोलमध्ये विरघळते. सर्दी-पडशावरील घरगुती उपाय म्हणून ते सर्वपरिचित आहे. मात्र ते पोटात गेल्यास विषारी ठरते.

नाव आणि इतिहास
हा वृक्ष मूळचा ऑस्ट्रेलियातील. तमिळनाडूतील निलगिरी पर्वतावर एकोणिसाव्या शतकात जळणाच्या लाकडासाठी त्याची लागवड झाली आणि पर्वताचेच नाव मराठीत वृक्षाला व तेलाला मिळाले. ऑस्ट्रेलियातील आदिवासी त्याची पाने पूर्वापार औषधासाठी वापरत आले आहेत. जोसेफ बोसिस्टो या औषधविक्रेत्याने १८५२ च्या सुमारास व्हिक्टोरिया प्रांतात तेलाचे व्यापारी उत्पादन सुरू केले.

उत्पादन आणि घटक
पानांतून वाफ सोडतात. वाफेबरोबर आलेले तेल थंड झाल्यावर पाण्यावर तरंगते व वेगळे काढले जाते. औषधी तेलासाठी प्रामुख्याने 'युकॅलिप्टस ग्लोब्युलस' ही जाती वापरतात. तेलाचा मुख्य घटक सिनिओल (युकॅलिप्टॉल) असून औषधी तेलात त्याचे प्रमाण सामान्यतः किमान ७० टक्के असते. लिंबाच्या वासाच्या निलगिरीचे तेल यापेक्षा वेगळे असते. त्यात सिट्रोनेलाल हा घटक प्रमुख असतो.

आरोग्यविषयक उपयोग
सर्दीत नाक चोंदले असता या तेलाचा वास घेतात किंवा वाफारा घेतात. छातीला लावण्याच्या अनेक मलमांत, तसेच सांधे व स्नायू दुखत असता चोळण्याच्या औषधांतही ते असते. सिनिओलमुळे नाकातील थंडावा जाणणारे मज्जातंतू चेतवले जातात व श्वास मोकळा झाल्यासारखे वाटते. सर्दीचा विषाणू मात्र त्यामुळे नष्ट होत नाही. म्हणून हा उपाय आराम देणारा आहे, रोग बरा करणारा नव्हे.

घरगुती उपयोग
बरणीवरील चिकट कागदाचे अवशेष, वंगणाचे डाग किंवा कपड्याला चिकटलेले च्युइंगगम काढण्यासाठी हे तेल उपयोगी पडते. फरशी पुसण्याच्या पाण्यात सुवासासाठी काही थेंब घालतात. ऑस्ट्रेलियात लोकरीचे कपडे धुण्याच्या मिश्रणातही ते घालण्याची जुनी पद्धत आहे. काही प्रकारचे प्लॅस्टिक व रोगण या तेलाने खराब होते, म्हणून आधी एखाद्या कोपऱ्यावर वापरून पाहावे. तेल ज्वालाग्राही असल्याने ते देवघरातील दिवा व शेगडी यांपासून दूर ठेवावे.

विषबाधा आणि सावधगिरी
वनस्पतीपासून मिळालेले म्हणजे निरुपद्रवी, हा समज या तेलाच्या बाबतीत धोक्याचा आहे. लहान मुलांमध्ये चमचाभर तेलही गंभीर विषबाधा घडवू शकते. तोंडात व घशात जळजळ, उलट्या, गुंगी, तोल जाणे, झटके (फिट) येणे आणि बेशुद्धी ही त्याची लक्षणे असून ती अनेकदा अर्ध्या तासाच्या आत दिसू लागतात. खोकल्याच्या औषधाशेजारी ठेवलेली बाटली चुकून पाजली जाण्याचा धोका असतो. म्हणून ती औषधांपासून वेगळी, झाकण घट्ट लावून, मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवावी.

तेल पोटात गेल्यास उलटी करवू नये, कारण तेल फुप्फुसात शिरण्याचा धोका असतो. रुग्णाला तत्काळ रुग्णालयात न्यावे व बाटली सोबत घ्यावी. तान्ह्या मुलांच्या नाकाजवळ वा चेहऱ्यावर हे तेल लावू नये. मोठ्यांनीही ते त्वचेवर थेट न लावता खोबरेल तेलासारख्या तेलात थोड्या प्रमाणात मिसळून लावावे. दमा किंवा अपस्मार असलेल्यांनी व गर्भवती स्त्रियांनी वापरण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. वाफाऱ्याच्या गरम पाण्याने मुले भाजण्याचाही धोका असतो. मांजर व कुत्रा यांनाही हे तेल विषारी आहे.