क्षेत्रफळ आणि राज्यत्व : वसई व गोवे

प्रदेशाचे राजकीय स्थान त्याच्या क्षेत्रफळावरून ठरते, हा समज वसईच्या इतिहासापुढे टिकत नाही. २०१४ साली ठाण्यातून वेगळ्या झालेल्या पालघर जिल्ह्याचे क्षेत्रफळ ५,३४४ चौरस किलोमीटर आहे. गोवे राज्याचे अवघे ३,७०२. १५३४ च्या तहाने पोर्तुगीजांकडे आलेली वसई पुढे त्यांच्या उत्तर प्रांताचे मुख्य ठाणे झाली. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी ती जिंकली आणि दोहोंचे मार्ग भिन्न झाले. पेशवाईच्या अस्तानंतर वसई मुंबई इलाख्यात गेली. गोव्यात परकी सत्ता १९६१ पर्यंत राहिली. १९६७ च्या जनमतकौलात गोमंतकीयांनी महाराष्ट्रातील विलीनीकरण नाकारले व १९८७ मध्ये गोवे राज्य झाले. तात्पर्य, येथे निर्णायक ठरले ते सत्तेचे सातत्य आणि लोकमत; भूविस्तार नव्हे.