टेनिस कोर्टवरचे कपडे रस्त्यावर कसे आले? गोष्ट सत्तरच्या दशकातली

‘स्टॅन स्मिथ’ म्हटलं की बहुतेकांना आठवतो तो पांढरा, टाचेला हिरवी पट्टी असलेला बूट. या नावाचा खराखुरा माणूस आहे आणि त्याने १९७१ मध्ये यूएस ओपन, तर १९७२ मध्ये विम्बल्डन जिंकलंय, हे तो बूट घालून फिरणाऱ्या अनेकांच्या गावीही नसतं. स्मिथला याची पुरेपूर कल्पना आहे. २०१८ मध्ये आलेल्या त्याच्या पुस्तकाचं नावच ‘काही लोकांना वाटतं मी बूट आहे’ अशा अर्थाचं आहे.

गंमत म्हणजे हा बूट मुळात त्याचा नव्हताच. आदिदासने तो साठच्या दशकात रोबेर हाये या फ्रेंच खेळाडूच्या नावाने काढला होता. पुढे कंपनीला अमेरिकेची बाजारपेठ हवी होती, म्हणून स्मिथशी करार झाला. काही वर्षं तर बुटावर नाव एकाचं आणि लेसमागच्या जिभेवर चेहरा दुसऱ्याचा, असा प्रकार चालला. १९७८ मध्ये नावही स्मिथचं झालं.

१९६८ मध्ये काय बदललं?

तोपर्यंत विम्बल्डनसारख्या स्पर्धा फक्त हौशी खेळाडूंसाठी होत्या. खेळून उघडपणे पैसे कमावणाऱ्याला तिथे प्रवेश नव्हता. रने लाकोस्त आणि फ्रेड पेरी यांनी कपड्यांचे ब्रँड काढले, पण ते मोठ्या स्पर्धा खेळणं थांबवल्यानंतर. १९६८ मध्ये व्यावसायिकांना दारं उघडली आणि खेळत असलेला चॅम्पियनच चालतीबोलती जाहिरात झाला. त्यात बीबीसीने १९६७ मध्ये रंगीत प्रक्षेपण सुरू केलं, तेही विम्बल्डनपासूनच.

अडचण एकच होती. विम्बल्डनमध्ये कपडे प्रामुख्याने पांढरेच हवेत, असा नियम होता.

यावर तोडगा काढला इटलीच्या फिलाने. बिएल्ला गावातली ही १९११ ची कंपनी आतले कपडे विणायची. सत्तरच्या दशकात ती खेळाच्या कपड्यांकडे वळली. डिझायनर पिएर लुइजी रोलांदो याने अंगाबरोबर बसणारा शर्ट केला, त्यावर बारीक उभ्या रेघा आणि गडद कॉलर दिली. शर्ट नियमात बसत होता, पण टीव्हीवर लांबूनही ओळखू येत होता. १९७५ मध्ये ब्यॉन बोर्गशी करार झाला आणि १९७६ पासून त्याने सलग पाच वेळा विम्बल्डन जिंकलं. लांब केस, डोक्याला पट्टी आणि तो शर्ट. कंपनीला आणखी काय हवं होतं?

बायकांसाठी मामला वेगळा होता

पुरुषांच्या बाबतीत प्रश्न जास्तीच्या कमाईचा होता, बायकांच्या बाबतीत मुळात कमाईचाच. १९७० मध्ये लॉस एंजेलिसच्या एका स्पर्धेत पुरुष विजेत्याला १२,५०० डॉलर आणि महिला विजेतीला १,५०० डॉलर मिळणार होते. बिली जीन किंगसह नऊ जणींनी त्याविरुद्ध बंड केलं, एकेका डॉलरचा करार केला आणि स्वतंत्र स्पर्धा खेळल्या. प्रायोजक कोण, तर व्हर्जिनिया स्लिम्स ही सिगारेट! या स्पर्धांसाठी कपडे केले टेड टिनलिंगने. १९४९ मध्ये गसी मोरनच्या आतल्या चड्डीला लेस लावून विम्बल्डनला घाम फोडणारा हाच तो माणूस. लोकांनी तिकीट काढून यावं, तर खेळाडू दुरूनही झळकायला हवी, हे त्याला कळत होतं.

२० सप्टेंबर १९७३ ला ह्यूस्टनमध्ये ३०,४७२ प्रेक्षकांसमोर किंगने ५५ वर्षांच्या बॉबी रिग्जला ६-४, ६-३, ६-३ असं हरवलं. बायकांचं टेनिस दुय्यम, असं रिग्ज उघड म्हणायचा. त्या रात्रीचा किंगचा टिनलिंगने केलेला ड्रेस आज अमेरिकेच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. त्याच वर्षी यूएस ओपनने दोघांना समान बक्षीस दिलं होतं, अर्थात तिथेही तफावत भरून काढली ती एका डिओडरंट ब्रँडने.

आणि रस्त्यावर?

सत्तरच्या दशकाच्या शेवटी लिव्हरपूलचे फुटबॉलवेडे तरुण टीमच्या मागे युरोपभर फिरायचे. येताना ते फिला, सर्जिओ ताकिनी, एलेसे असे कपडे घेऊन यायचे. यातला ताकिनी स्वतः टेनिसपटू होता. या मुलांपैकी फार थोड्यांनी रॅकेट हातात धरली असेल, पण ब्रिटनमधल्या ‘कॅज्युअल्स’ फॅशनची सुरुवात त्यांच्यापासून झाली.

विम्बल्डनचा नियम मात्र कडकच होत गेला. २०१४ पासून तर रंगाची पट्टी एक सेंटीमीटरपेक्षा रुंद चालत नाही. त्या हिशेबाने बोर्गचा तो शर्ट आज सेंटर कोर्टवर पोहोचलाच नसता.