खड्यांची गौर

भाद्रपदात अनुराधा नक्षत्र लागलं की कोकणातल्या कितीतरी घरांतून एखादी मुलगी ताम्हण घेऊन पाण्यावर जाते. नदी, वहाळ, नाहीतर परसातली विहीर. तिथले पाच किंवा सात खडे वेचायचे आणि तोंडातून शब्द न काढता, मागे वळून न पाहता घरी यायचं. उंबरठ्यावर तिच्या पायांवर दूध-पाणी घालतात. मग हातात गौर घेऊन ती घरभर फिरते आणि बायका तिला स्वयंपाकघर, धान्याची जागा, तिजोरी, गोठा असं सगळं दाखवतात. सासरहून आलेल्या लेकीला घर दाखवावं तसंच. लेक प्रवासानं दमलेली, म्हणून पहिल्या दिवशी साधी भाजी-भाकरी. दुसऱ्या दिवशी ज्येष्ठा नक्षत्रावर थाटाचा नैवेद्य; बऱ्याच घरांत तो तिखटाचा, म्हणजे सामिषही असतो. मूळ नक्षत्रावर बोळवण.

पलीकडच्या वाडीत हीच गौर तेरड्याची असते. मुळांसकट उपटून आणलेली रोपं, त्यांनाच साडी नेसवायची. ‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ असं आपण म्हणतो. गौरीचा मुक्कामही तेवढाच. घाटावर कुठे उतरंडीची गौर, कुठे कागदावर रेखलेली, आणि मराठवाड्या-विदर्भात मुखवट्यांच्या, पैठण्या नेसलेल्या महालक्ष्म्या. यांत मुखवटा सर्वांत उशिरा आला असावा असं मला वाटतं. खडा आणि रोप हेच देवीचं जुनं अंग. बंगालमध्ये दुर्गापूजेच्या सप्तमीला नऊ वनस्पती केळीच्या खुंटाशी बांधून त्यांना नदीवर न्हाऊ घालतात, साडी नेसवतात आणि गणपतीशेजारी उभं करतात. ती नवपत्रिका. मातीची दशभुजा समोर असली तरी हा पानाफांद्यांचा मान कोणी सोडलेला नाही.

आणखी मागे गेलं की मराठवाड्यातलं तेर हे जुनं गाव लागतं. इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांतल्या ज्या लहान मूर्ती तिथं मिळाल्या, त्यांत प्रसूत होणाऱ्या स्त्रीसारखी बसलेली देवी आहे. तिला डोकं नाही. अशा मूर्तींत पुढेपुढे मानेच्या जागी कमळ उमलतं. ही लज्जागौरी. रा. चिं. ढेरे यांनी १९७८ साली याच नावाच्या ग्रंथात तिचा धागा भूमीच्या पूजेशी, गोव्यात वारुळाच्या रूपात पुजल्या जाणाऱ्या सांतेरीशी जोडून दाखवला. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातही पृथ्वी ‘उत्तानपद्’, म्हणजे पाय पसरलेल्या, अवस्थेतून जन्मल्याचं सूक्त आहे. चेहऱ्याची गरजच नव्हती. जी जन्म देते ती देवी, एवढं पुरेसं होतं.

या सणाच्या ‘ज्येष्ठागौरी’ या नावात मात्र एक दुखरी गाठ आहे. पंचांग म्हणतं, नाव नक्षत्रावरून. पण पुराणांत ज्येष्ठा ही समुद्रमंथनातून लक्ष्मीच्या आधी निघालेली थोरली बहीण, म्हणजे अलक्ष्मी, कोणालाच नको असलेली. तमिळ देशात पल्लव-चोळांच्या काळात तिची शिल्पं घडली, कावळ्याच्या ध्वजासह. नंतर तिची पूजा मागे पडली. आपल्याकडे गौरी दोघी, ज्येष्ठा आणि कनिष्ठा. थोरल्या, नकोशा बहिणीचं नाव घेऊन तिला हळदी-कुंकवाच्या पावलांवरून घरात आणणारा हा सण मला म्हणूनच मोठ्या मनाचा वाटतो.

आणि म्हणूनच २०११ च्या जनगणनेतला एक आकडा सोसवत नाही. महालक्ष्म्या घरोघर बसतात त्या बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे मुली ८०७. राज्यात ८९४, दहा वर्षांपूर्वी त्या ९१३ होत्या. गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा कायदा देशात सर्वांत आधी महाराष्ट्रानं केला, १९८८ साली. तरी ही गळती झाली. खडे आणायला जी मुलगी लागते, तीच घरात नाही. आणि असली तरी वहाळाचं काय? वाळू उपसलेल्या, सांडपाण्यानं काळ्या पडलेल्या पात्रातून ती काय वेचणार? आता कुठे कुठे नळाखाली धुतलेले दुकानातले खडे ताम्हणात येतात.

बोळवणीची रीत अजून बरीच घरं पाळतात. खडे जिथून आणले तिथंच पाण्यात सोडायचे, आणि परतताना काठची मूठभर वाळू आणायची. ती थोडी धान्याच्या कणग्यांत टाकतात, थोडी घराच्या कोपऱ्यांत, आणि उरलेली परसातल्या झाडांच्या बुंध्याशी.