‘कोन्किस्तादोर’

जेता या अर्थाचा ‘कोन्किस्तादोर’ हा स्पॅनिश शब्द. त्याचें मूळ लॅटिन भाषेंत आहे, व तेथें त्याचा अर्थ शोधून मिळविणें, गोळा करणें एवढाच होता. तरवारीची धार त्यास मागाहून आली. आरागॉनचा राजा पहिला हायमे यानें इ. स. १२३८ मध्यें मुसलमानांपासून व्हॅलेन्सिया घेतलें. त्याच्या नांवास हें बिरुद कायमचें जडलें आहे. पुढें मेक्सिको व पेरू येथें कोर्तेस व पिझारो यांचे सोबती हेंच नांव अभिमानानें मिरवूं लागले आणि त्याच्या बळावर राजापाशीं जमिनी व वेठीचीं माणसें मागूं लागले.

बार्तोलोमे दे लास कासास या धर्मोपदेशकानें मात्र थेट शब्दावरच हल्ला चढविला. ज्यांनीं आपला कांहीं अपराध केला नाहीं त्यांच्यावरील स्वारीस ‘कोन्किस्ता’ म्हणणें हाच त्याच्या मतें जुलूम होता. अखेर १५७३ सालीं दुसऱ्या फिलिपनें नव्या मुलुखांविषयीं नियम केले, त्यांत या मोहिमांस ‘कोन्किस्ता’ न म्हणतां ‘शांततास्थापना’ म्हणावें अशी स्पष्ट आज्ञा आहे. चिलींतील मापुचे लोकांशीं युद्ध त्यानंतरहि चालूच राहिलें. नव्या नांवानें त्यांचें काय समाधान झालें असेल तें उघडच आहे!

इंग्रजांजवळ त्याच मुळापासून निघालेला ‘काँकरर’ शब्द होता, व नॉर्मंडीच्या विल्यमला ते तोच लावितात. तरी एकोणिसाव्या शतकांत त्यांनीं स्पॅनिश शब्द जसाच्या तसा उचलिला आणि बहुतेक स्पेनच्या माणसांपुरताच ठेविला. क्लाइव्हास त्या नांवानें कोणी ओळखीत नाहीं. दुसऱ्याच्या पापास परक्या भाषेंतील नांव देणें सोयीचें असतें.

आपल्याकडे या शब्दाचें भावंड आलें तें पोर्तुगालहून. गोव्यांतील तिसवाडी, बारदेश व साष्टी हे सोळाव्या शतकांत घेतलेले प्रांत, आणि फोंडें, डिचोली, सत्तरी, पेडणें वगैरे १७६३ ते १७८८ या काळांत घेतलेले. पोर्तुगीज दप्तरांत दोहोंसहि ‘कोंकिश्ता’ म्हटलें आहे. भेद केवळ जुनी व नवी एवढाच. मराठींत त्यांच्या ‘जुन्या काबिजादी’ व ‘नव्या काबिजादी’ झाल्या. भाषांतर करणारानें ‘दिग्विजय’ हा तेजोवलय असलेला शब्द घेतला नाहीं, अरबी मुळाचा ‘काबीज’ घेतला, हें मला फार मार्मिक वाटतें. मूठ आवळून धरणें, एवढाच त्यांत भाव आहे.

१५६० मध्यें कुशस्थळीचा मंगेश जुन्या काबिजादींतून नदीपार फोंड्याकडे नेण्यांत आला, कारण तो मुलूख पोर्तुगीजांचा नव्हता. दोनशें वर्षांनीं तें फोंडेंहि नवी काबिजाद झालें. १९६१ सालीं ती सत्ता गेली. काबिजाद हें नांव मात्र बोलण्यांतून गेलें नाहीं.