कॅडीच्या काखेतून डिकीत : गोल्फच्या काठ्यांच्या साठवणीचा इतिहास

गोल्फ या खेळात चेंडू मारण्यासाठी जे साधन वापरतात त्याला इंग्रजीप्रमाणेच मराठी बोलण्यातही ‘क्लब’ म्हणतात. परंतु ज्या संस्थेच्या मैदानावर हा खेळ चालतो तिलाही तोच शब्द लागू होत असल्याने येथे साधनासाठी ‘काठी’ हा शब्द योजला आहे. काठीचे भाग तीन : हातात धरायची मूठ, तिच्यापुढचा लांब दांडा आणि टोकाला चेंडूवर आदळणारा माथा. मूठ कातड्याची किंवा रबराची, दांडा लाकडाचा, पोलादाचा किंवा ग्रॅफाइटचा आणि माथा लाकडाचा किंवा धातूचा, अशा भिन्न प्रकृतीच्या वस्तू एकाच काठीत जखडलेल्या असतात आणि ऊन, ओल व धक्का यांचा परिणाम प्रत्येकीवर वेगळा होतो. त्यामुळे काठी ठेवायची कोठे आणि कशी, हा प्रश्न या खेळाच्या इतिहासात पहिल्यापासून आहे. आज बहुसंख्य खेळाडूंच्या काठ्या मोटारीच्या मागच्या सामानकप्प्यात, म्हणजे डिकीत, मुक्कामाला असतात. त्या तेथे कशा पोहोचल्या हे पाहू गेल्यास असे दिसते की काठीची जागा तिच्या हिताचा विचार करून क्वचितच ठरली. खेळाडू मैदानावर कोणत्या वाहनाने येतो आणि काठ्या उचलायला त्याच्यासोबत कोण असते, यांवरूनच ती ठरत आली.

स्कॉटलंडमध्ये हा खेळ इतका लोकप्रिय होता की धनुर्विद्येचा सराव मागे पडतो म्हणून १४५७ साली तेथील संसदेने त्यावर बंदी घातली होती. आणि पुढे १५०२ साली स्कॉटलंडचा राजा चौथा जेम्स याने पर्थ येथील एका धनुष्य बनवणाऱ्या कारागिराकडूनच गोल्फच्या काठ्या विकत घेतल्याची नोंद राजाच्या खजिन्याच्या हिशेबात सापडते. हा योगायोग नव्हे. लाकूड किती सुकवावे, त्याची लवचीकता कशी राखावी आणि ते वाकडे होऊ नये म्हणून काय करावे, हे ज्ञान धनुष्यकाराकडे आधीपासून होते. जुन्या काठीचा माथा बीच, सफरचंद किंवा नासपती अशा चिवट लाकडाचा असे, त्याच्या पाठीत वजनासाठी शिसे ओतलेले असे आणि तळाशी झीज रोखण्यासाठी मेंढ्याच्या शिंगाची पट्टी बसवलेली असे. माथा आणि दांडा तिरके तासून एकमेकांवर सरसाने चिकटवत आणि त्या सांध्यावर डांबर लावलेला दोरा घट्ट गुंडाळत. असा सांधा कोरड्या हवेत सैल होई आणि ओल्या हवेत फुगे. म्हणून काठी बनवणारा कारागीर तिचा डॉक्टरही असे आणि मैदानाशेजारचे त्याचे दुकान हेच काठ्यांचे दुरुस्तीघर व बऱ्याचदा कोठारही असे. सेंट अँड्र्यूज येथील ह्यू फिल्प, त्याचा पुतण्या रॉबर्ट फॉर्गन आणि टॉम मॉरिस यांची दुकाने एकोणिसाव्या शतकात याच कारणाने खेळाच्या केंद्रस्थानी होती.

मैदानावर काठ्या वाहून नेणाऱ्या माणसाला ‘कॅडी’ म्हणतात. हा शब्द फ्रेंच ‘कॅडे’ म्हणजे धाकटा मुलगा किंवा शिकाऊ लष्करी उमेदवार यावरून आला असे मानले जाते, आणि एडिंबरो शहरात निरोप व सामान पोहोचवणाऱ्या हरकाम्यांनाही तो लावला जाई. यॉर्कचा ड्यूक, जो पुढे दुसरा जेम्स म्हणून राजा झाला, त्याच्या काठ्या सतराव्या शतकाच्या अखेरीस लीथच्या मैदानावर अँड्र्यू डिक्सन नावाच्या मुलाने वाहिल्या आणि मोठेपणी तोच डिक्सन काठ्या बनवू लागला, असे या व्यवसायाच्या इतिहासात नोंदवले जाते. त्या काळापासून सुमारे दोनशे वर्षे काठ्यांना पिशवी नव्हती. कॅडी सहा-आठ काठ्यांची मोळी काखेत धरून चाले, पाऊस आला तर मुठी आपल्या कोटाखाली घेई आणि डाव संपल्यावर लोखंडी माथे खरकागदाने घासून, दांड्याला जवसाचे तेल पुसून त्या क्लबघरातील सभासदाच्या कपाटात उभ्या करून ठेवी. काठ्यांची निगा राखणे हा त्याच्या रोजच्या कामाचा भाग होता. ही गोष्ट साधी वाटली तरी पुढच्या इतिहासाच्या दृष्टीने कळीची आहे, कारण काठी ज्याच्या हाती असे त्यालाच तिची काळजी घेण्याचा मोबदला मिळे. पुढे वाहन बदलले तेव्हा प्रथम हीच सांगड तुटली.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत शिडाच्या जाड कापडाची लांबट पिशवी प्रचारात आली. काखेतली मोळी ओल्या जमिनीवर टाकावी लागे आणि मुठी चिखलाने माखत, ही अडचण त्या पिशवीने दूर केली. १८९० च्या दशकात ‘ऑस्मंडचा स्वयंचलित कॅडी’ या नावाने पिशवीला लाकडी पाय जोडलेली एक चौकट इंग्लंडमध्ये विकली जाऊ लागली, जी जमिनीवर टेकवताच आपली आपण उभी राही. या नावातच काळाची चाहूल आहे. कॅडीचे काम वस्तूकडे सोपवण्याची इच्छा त्यात उघड दिसते. तरीही त्या काळी खेळाडू मैदानावर रेल्वेने, घोडागाडीने किंवा पायी येत असल्याने काठ्यांचा कायमचा मुक्काम क्लबघरातच राहिला. रेल्वे कंपन्यांनी तर खेळाडूंना गाडीने आणून मैदानाशेजारीच उतरवण्याची सोय केली. स्कॉटलंडमधील टर्नबेरी येथे १९०६ साली ग्लासगो अँड साउथ वेस्टर्न रेल्वेने मैदानालगत हॉटेल उघडले ते याच हिशेबाने.

ब्रिटिशांबरोबर ही कपाटांची आणि कॅडींची पद्धत भारतातही आली. कलकत्त्याचा गोल्फ क्लब १८२९ साली स्थापन झाला आणि ब्रिटिश बेटांबाहेरचा तो सर्वांत जुना मानला जातो. मुंबईचा क्लब १८४२ चा. मुंबईत पुढे १९१८ मध्ये विलिंग्डन स्पोर्ट्‌स क्लब आणि १९२७ मध्ये चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब सुरू झाला. स्कॉटलंडच्या थंड हवेसाठी घडवलेल्या लाकडी काठीला येथील चैत्र-वैशाखाची कोरडी झळ आणि पाठोपाठ येणारा चार महिन्यांचा दमट पावसाळा सोसावा लागे. कॅडींचा वर्ग मात्र भारतात टिकून राहिला, आणि म्हणूनच येथील मैदानावर आजही काठ्या पुसणारा माणूस बहुधा खेळाडूपासून चार पावलांवर असतो. ही परंपरा क्षुल्लक मानणे चुकीचे ठरेल. दिल्ली गोल्फ क्लबमध्ये कॅडी म्हणून वाढलेल्या अली शेर यांनी १९९१ साली इंडियन ओपन ही स्पर्धा जिंकली, यावरून त्या कामातून मिळणाऱ्या ज्ञानाची खोली कळते.

काठी क्लबघराबाहेर पडली ती मोटारीमुळे, आणि ते प्रथम अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर घडले. आरंभीच्या मोटारींना बंदिस्त सामानकप्पा नसे. गाडीच्या मागे लोखंडी चौकटीवर खरीखुरी पेटी, म्हणजे ट्रंक, पट्ट्याने बांधत आणि त्यावरूनच अमेरिकन इंग्रजीत या जागेला ‘ट्रंक’ हे नाव पडले. इंग्लंडमधील घोडागाड्यांना मागे नोकरासाठी एक उघडे आसन असे, त्याला ‘डिकी’ म्हणत. दोन माणसांच्या छोट्या मोटारीत ते आसन गाडीच्या पाठीतच दुमडून बसवले गेले : पाठीवरचे झाकण उघडले की त्याची पाठ टेकायची गादी होई आणि आत दोन जणांना बसता येई. पुढे ते आसन गेले, झाकण राहिले, आणि भारतात ‘डिकी’ हा शब्द त्या झाकणाखालच्या सामानाच्या जागेला कायमचा चिकटला. इंग्लंडने त्या जागेसाठी ‘बूट’ हा शब्द स्वीकारला असताना मराठी माणूस आजही डिकीच उघडतो, ही एका लुप्त झालेल्या आसनाची आपल्या भाषेतली आठवण आहे.

या दुमडत्या आसनाने गोल्फ खेळणाऱ्यापुढे एक विशिष्ट अडचण उभी केली. आसनाखाली जागा होती, पण वरच्या अरुंद तोंडातून अडीच हात लांब पिशवी आत उतरत नसे. आसनावर उघडी ठेवावी तर पाऊस, धूळ आणि चोर यांची भीती. यावर अमेरिकन गाडी बनवणाऱ्यांनी काढलेला तोडगा मोटारीच्या इतिहासातील एक सुंदर गोष्ट आहे. १९२० व १९३० च्या दशकांतील पॅकार्डसारख्या उंची दोन-आसनी गाड्यांच्या बाजूला, मुख्य दार आणि मागचे चाक यांच्या मध्ये, एक छोटे स्वतंत्र दार बसवलेले असे. त्याला स्वतःची मूठ आणि कुलूप असे. ते उघडले की चालकाच्या आसनामागून गाडीच्या आडव्या रुंदीत जाणारा एक बोगदा दिसे आणि त्यात गोल्फची पिशवी आडवी सरकवून दार लावता येई. काठीच्या मापाने गाडीची पत्र्याची कूस कापली गेल्याचे असे उदाहरण दुसऱ्या कोणत्या खेळाच्या वाट्याला सहसा आले नाही. बंद, कुलूपबंद आणि फक्त पिशवीपुरती असलेली ही जागा आजच्या डिकीपेक्षा अधिक विचारपूर्वक केलेली होती, कारण तीत काठ्यांवर दुसरे सामान पडण्याचा संभवच नव्हता.

याच वर्षांत काठीही बदलत होती. दांड्यासाठी वापरले जाणारे उत्तर अमेरिकेतील हिकरी हे लाकूड धक्का सोसणारे असले तरी ओल आणि उन्हाने वाकत असे. अमेरिकेच्या गोल्फ संघटनेने १९२४ साली पोलादी दांड्याला मान्यता दिली आणि सेंट अँड्र्यूजच्या रॉयल अँड एन्शंट क्लबने १९२९ साली. लाकडाची सवय जडलेल्या खेळाडूंना चकाकते पोलाद खपेना, म्हणून कित्येक दांड्यांवर लाकडी रंगाचे सेल्युलॉइडचे वेष्टन चढवले जाई. पोलाद वाकत नसल्याने काठी गाडीत दिवसेंदिवस पडून राहिली तरी चालते, असा समज रुजायला यातूनच वाव मिळाला. त्यातच काठ्यांची संख्या वाढत गेली, काही खेळाडू वीसहून अधिक काठ्या बाळगू लागले आणि शेवटी अमेरिकेत १९३८ व ब्रिटनमध्ये १९३९ साली १४ काठ्यांची मर्यादा घालावी लागली. ती आजही लागू आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर सामानकप्पा गाडीच्या अंगाचाच भाग झाला, बाजूचे दार इतिहासजमा झाले आणि पिशवी इतर सामानाच्या गर्दीत आली. अमेरिकेत उपनगरे पसरली, १९५६ साली राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी, जे स्वतः नेमाने गोल्फ खेळत, महामार्गांच्या जाळ्याच्या कायद्यावर सही केली, आणि कामावरून परस्पर मैदानावर जाणाऱ्याची पिशवी आठवडाभर गाडीतच राहू लागली. जपानमध्ये मोटारीच्या माहितीपत्रकात डिकीत साडेनऊ इंच तोंडाच्या किती गोल्फ पिशव्या मावतात हे छापण्याची प्रथाच पडली. तेथेच यामातो या मालवाहतूक कंपनीने १९८४ साली काठ्या घरून थेट मैदानावर पोहोचवणारी सेवा सुरू केली, ज्यामुळे खेळाडू रेल्वेने रिकाम्या हाताने जाऊ शकतो. एका अर्थाने ही कॅडीची जुनी जबाबदारीच नव्या रूपात परत आली.

भारतातील डिकीची गोष्ट निराळी आहे. २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरपेक्षा कमी लांबीच्या लहान गाड्यांना उत्पादन शुल्कात सवलत मिळाली आणि तिचा लाभ घेण्यासाठी डिकीवाल्या गाड्यांची शेपटी आखूड करण्यात आली. टाटांची इंडिगो सीएस २००८ साली याच मापात बाजारात आली. अशा डिकीत सुमारे ११४ सेंटीमीटर लांबीची ‘ड्रायव्हर’ ही सर्वांत लांब काठी पिशवीसकट आडवी मावेलच असे नाही, म्हणून ती बाहेर काढून तिरपी ठेवतात किंवा मागचे आसन दुमडतात. मुंबई-पुण्यात गाडीला सीएनजीची टाकी बसवलेली असेल तर डिकीचा मोठा भाग त्या टाकीनेच व्यापलेला असतो आणि काठ्या मागच्या आसनावर येतात, जेथे काचेतून येणारे ऊन त्यांच्यावर थेट पडते.

आजच्या काठीला हे सोसत नाही. पोलादी किंवा ग्रॅफाइटचा दांडा माथ्याच्या नळीत इपॉक्सी नावाच्या चिकटद्रव्याने बसवलेला असतो आणि हे द्रव्य वारंवार तापल्यास त्याची पकड कमी होते. कारागीर जुना दांडा सोडवताना नळीला मुद्दाम उष्णता देतात ते याच गुणामुळे. रबराची मूठ उन्हाने कडक होऊन गुळगुळीत पडते. पावसाळ्यात खेळून आल्यावर ओली पिशवी तशीच डिकीत कोंडली तर हातमोज्यांना बुरशी येते आणि ज्या माथ्यांवर क्रोमचा मुलामा नसतो त्यांवर गंज धरतो. गाडी वळणावर पिशवी सरकू लागली की ग्रॅफाइटचे दांडे शेजारच्या लोखंडी माथ्यांवर घासून ओरखडतात, आणि हा ओरखडा खोल गेला तर दांडा पुढे तेथेच मोडू शकतो. तेव्हा माथ्यांवर खोळ घालावी, पिशवी घट्ट अडकेल अशी आडवी ठेवावी, वर जड सामान ठेवू नये आणि घरी पोहोचताच ती डिकीतून काढून, पुसून, कोरड्या खोलीत उभी करावी. यातील प्रत्येक काम कॅडी आणि दुकानदार शंभर वर्षांपूर्वी न सांगता करीत असत.

कोरडी व बंद जागा काठीला किती काळ जपू शकते याचा पुरावा इंग्लंडमधील हल या शहरात मिळाला. तेथील एका घरात फळ्या ठोकून बंद केलेल्या कपाटात आठ काठ्या सापडल्या आणि त्यांच्यासोबत १७४१ सालचे एक वर्तमानपत्र होते. पुढे स्कॉटलंडमधील ट्रूनच्या गोल्फ क्लबकडे आल्याने त्या ‘ट्रूनच्या काठ्या’ म्हणून ओळखल्या जातात. त्यांतील सहा लाकडी माथ्यांच्या आहेत आणि दोन लोखंडी.